जिंकून सोडलेली जागा

2016 साली गोव्याच्या डेम्पो या फुटबॉल क्लबनं आय-लीग या देशपातळीवरच्या लीगची दुसरी श्रेणी जिंकली. जिंकणाऱ्याला पुढच्या हंगामात वरच्या श्रेणीत खेळायला मिळतं, तसं डेम्पोलाही मिळणार होतं. पण त्याच वर्षी डेम्पोनं ती जागा आपणहून सोडून दिली. गोव्याचेच साळगावकर आणि स्पोर्टिंग हे दोन क्लबही आय-लीगमधून बाहेर पडले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या धोरणाचा निषेध म्हणून.

केलं ते बरोबर की चूक, यावरून आमच्या घरात अजून भांडण होतं. फुटबॉलशी जालन्याचा फारसा संबंध नाही, हे मला मान्य आहे. इथं पोरं क्रिकेट खेळतात, विजय झोल जालन्याचाच. आणि म्हातारी माणसं कुस्तीवर बोलतात. पण माझे मेहुणे अंबडला क्रीडाशिक्षक होते आणि त्यांना तरुणपणी कधीतरी मडगावच्या फातोर्डा स्टेडियमची हवा लागली, ती उतरली नाही. समोर माझी मुलगी. ती सीए आहे, एमआयडीसीतल्या स्टीलवाल्यांची ऑडिटं करते. तिला मी इथं भाचीच म्हणतो, कारण हा वाद सुरू झाला की ती माझी मुलगी राहत नाही. मी बियाण्यांचं दुकान चालवतो. मृग संपून गिऱ्हाईक ओसरलं की मेहुणे येतात, आणि दोघांना माझ्याच गल्ल्यासमोर बसायचं असतं.

मामा : अगं, पाच वेळा देशात पहिला आलेला क्लब तो. 2004-05 आणि 2006-07 ची नॅशनल लीग. तिची आय-लीग झाली तर पहिलीच आय-लीग ह्यांची, 2007-08 ची. मग 2009-10, मग 2011-12. त्या शेवटच्या वर्षी एकट्या रँटी मार्टिन्सनं 32 गोल मारले. 2008 ला एएफसी कपच्या सेमीफायनलला गेले होते. एवढा मोठा क्लब 2015 ला खाली घसरला, तर तोंड लपवून बसला नाही. दुसऱ्या श्रेणीत उतरला, काश्मीरपासून मणिपूरपर्यंतच्या पोरांशी खेळला, जिंकला. आणि मग म्हणतो, आम्हाला नको! हे काय?

भाची : घसरला कसा तेवढं सांगा ना.

मामा : कसा म्हणजे? हरून.

भाची : 2014-15 च्या तक्त्यात सगळ्यात खाली डेम्पो नव्हताच. सगळ्यात खाली होता पुण्याचा भारत एफसी. पण तो पैसे भरून थेट आत आलेला, त्यामुळे सुरुवातीची काही वर्षं त्याला खाली ढकलायचं नाही असा नियम. म्हणून त्याच्या वरचा डेम्पो गेला. आणि ज्याला वाचवलं त्या भारत एफसीनं काय केलं? तोच एक हंगाम खेळून शटर ओढलं.

मामा : नियम सगळ्यांना आधीच ठाऊक होता. पेपर फुटला नव्हता काही.

भाची : नियम ठाऊक असला म्हणजे बरोबर असतो का? जीएसटीत कितीतरी नियम मला ठाऊक आहेत.

(हे वाक्य तिनं माझ्याकडे बघून म्हटलं. मी पुडकी मोजत होतो.)

मामा : बरं, तो अन्याय धर. त्या अन्यायाला डेम्पोनं खेळून उत्तर दिलं, हेच मी म्हणतो. पुढं काहून पळाले?

भाची : कारण मधल्या काळात वरची श्रेणी वरची राहिलीच नव्हती. मामा, डिसेंबर 2010 ला महासंघानं आयएमजी-रिलायन्सशी करार केला. पंधरा वर्षं, सातशे कोटी. भारतीय फुटबॉलचे व्यापारी हक्क तिकडं गेले. 2014 ला इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, निघाली. तेव्हा सांगितलं, ही दोन-तीन महिन्यांची जत्रा आहे, खरी लीग आय-लीगच. आणि 2016 च्या मे महिन्यात महासंघानं आराखडा मांडला : देशाची पहिली लीग आयएसएल, आय-लीग तिच्या खाली. आणि खालून वर जायला वाट नाही. म्हणजे डेम्पोनं वर्षभर खेळून जे कमावलं, ते बक्षीस हातात पडायच्या आतच दुसरी श्रेणी झालं. दुसरीतून जिंकून दुसरीतच जायचं! असला हंगाम खेळायचा खर्च मी तरी कुठल्या मालकाच्या वहीत मंजूर करणार नाही.

इथं मला तिचं म्हणणं पटतं. श्रेणी हा शब्दच मुळी हालचालीवर उभा आहे. खालचा वर जाऊ शकतो आणि वरचा खाली येऊ शकतो, म्हणून तळाच्या दोन संघांचा मार्च-एप्रिलमधला रटाळ सामनाही लोक श्वास रोखून बघतात. ती हालचाल काढून घेतली की उरतो तो सराव. पण मेहुण्यांनी त्या दिवशी एक गोष्ट काढली, ती मलाही नवी होती.

मामा : वहीचं म्हणतेस ना? मग ही वही बघ. 2014 ला एफसी गोवा हा आयएसएलचा संघ कुणी घेतला? दत्तराज साळगावकर, श्रीनिवास डेम्पो आणि आपल्या शेजारचे, व्हिडिओकॉनचे वेणुगोपाल धूत. म्हणजे 2014 ला वरच्या माडीवर भागीदारी आणि 2016 ला खालून ओरड, की माडीचा जिना काढला! जिना निघणार हे यांना दोन वर्षं आधी दिसलं नव्हतं?

भाची : (थोडं थांबून) दिसलं असेल. म्हणून तर भागीदारी घेतली असेल.

मामा : मग निषेध कसला?

भाची : निषेधच. ज्यानं दोन्हीकडचे खर्च पाहिलेत त्यालाच कळतं की दोन्ही चालवणं परवडत नाही. आणि गोव्याच्या क्लबांचा पैसा कुठला होता ते विसरू नका. खनिजाचा. डेम्पोंनी खाणीचा धंदा 2009 मध्ये सेसा गोवाला विकला, 2012 ला राज्यातल्या खाणकामालाच टाळं लागलं. तिकीटविक्रीवर गोव्यातला कुठला क्लब चालत होता सांगा. मालकाच्या हौसेवर चालत होते. हौसेला निदान पहिल्या नंबरची आशा लागते.

मामा : हौस म्हणू नको. त्या घराण्याचं वर्तमानपत्र आहे, जहाजं होती, सगळं होतं. पण गावागावातल्या माणसाला डेम्पो हे नाव माहीत झालं ते फुटबॉलमुळे.

भाची : तेच तर. नावासाठी खेळत होते. नाव होण्याची सोय संपली, ते थांबले. महिंद्रानं काय केलं? 2005-06 ची नॅशनल लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद. पुणे एफसी 2015. मुंबई एफसी 2017 ला खाली गेला आणि तिथंच संपला. निदान डेम्पोनं क्लब विकला नाही की बंद केला नाही. गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहिला, पोरांचे संघ चालवत राहिला.

महाराष्ट्राची यादी तिनं भराभरा वाचली, आणि ती भराभरा वाचण्यासारखीच आहे. एकेक क्लब कंपनीच्या ताळेबंदात जन्मला आणि ताळेबंदातच गेला. मेहुण्यांना त्यात रस नव्हता. त्यांचा मुद्दा वेगळाच होता.

मामा : तू सोडणाऱ्याचं बघतेस. त्या रिकाम्या जागेचं पुढं काय झालं ते बघ की. 2015-16 ला मिझोरामचा आयझॉल आय-लीगमधून खाली गेला होता. तिथंही तेच. तळाला पुण्याचा डीएसके शिवाजियन्स, पण त्याला संरक्षण, म्हणून वरचा आयझॉल गेला. गोव्याचे क्लब निघून गेले, जागा पडल्या, म्हणून आयझॉलला परत घेतलं. आणि पुढच्याच वर्षी काय? 30 एप्रिल 2017. शिलाँगमध्ये शेवटचा सामना, लाजाँगशी एक-एक बरोबरी, आणि आयझॉल देशात पहिला! ईशान्येकडचा पहिला क्लब. प्रशिक्षक कोण? आपल्या मुंबईचा खालिद जमील, ज्याला मुंबई एफसीनं आधी सोडलं होतं. आज तो भारताच्या संघाचा प्रशिक्षक आहे.

भाची : खालिद जमील मलाही आवडतो.

मामा : थांब, संपलं नाही. डेम्पोनं जी दुसरी श्रेणी जिंकली, तिच्यात दुसरा कोण आला होता? मिनर्व्हा, पंजाबचा. त्यालाही पुढच्या हंगामात आय-लीग मिळाली. आणि 2017-18 ला आय-लीगचा विजेता मिनर्व्हा! म्हणजे तुझ्या हिशेबानं जे बक्षीस कवडीमोल होतं, त्याच्यावर दुसऱ्या नंबरच्या पोरांनी दोन वर्षांत देश जिंकला. डेम्पो थांबला असता तर ते डेम्पोला जमलं नसतं?

भाची : देश जिंकून आयझॉलला मिळालं काय? 2017 मध्ये आयएसएलमध्ये दोन नवे संघ आले. बंगळुरू आणि जमशेदपूर. आयझॉल दारात उभा होता, आम्ही चॅम्पियन आहोत, आम्हाला घ्या. नाही घेतलं. चॅम्पियन बाहेर आणि बोली लावणारे आत! गोव्याचे क्लब जे म्हणाले होते ते वर्षभरात खरं ठरलं, आणि ते खरं करून दाखवायला मिझोरामची पोरं लागली.

मेहुणे गप्प झाले. त्यांनी सुपारी काढली. दोघांत हा एवढाच टप्पा असा आहे की तिथं कुणालाच जिंकल्याचा आनंद होत नाही, असं मी बऱ्याचदा पाहिलंय.

मामा : तुला रहीमसाहेब ठाऊक आहेत का?

भाची : अजय देवगणचा पिक्चर पाहिलाय.

मामा : पिक्चर राहू दे. हैदराबाद सिटी पोलीस. 1950 ते 1954, सलग पाच वर्षं मुंबईत जाऊन रोव्हर्स कप जिंकला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. 1956 ला मेलबर्न ऑलिंपिकला भारत चौथा आला तो त्यांच्याच हाताखाली. आणि 1956 पर्यंत आपला जालना कुठल्या राज्यात होता? हैदराबाद. म्हणजे ते आपलेच होते म्हण ना! पोलिसांचा संघ, मालक नाही, फ्रँचायझी नाही. मैदान आणि माणूस.

भाची : आणि सरकारी पगार. मामा, ते नोकरीत होते म्हणून खेळू शकले. खेळाडूचा पगार कुणीतरी देतंच. प्रश्न एवढाच, की देणाऱ्याला त्याबद्दल काय मिळतं.

मामा : कोल्हापूरला काय मिळतं? पाटाकडील तालीम, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब, खंडोबा तालीम. शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नसते. पेठेच्या नावावर पोरं जीव टाकतात. वर कुठली आय-लीग त्यांची वाट बघत बसलीय? तरी खेळतात ना?

भाची : आणि त्यांच्यातला चांगला पोरगा काय करतो? अनिकेत जाधव 2017 चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक खेळला, तो पेठेत राहून नाही. त्याला कोल्हापूर सोडावं लागलं. पेठेला पेठ पुरते. पोराला पुरत नाही.

यावर मला तोंड घालायचं होतं, कुस्तीचं उदाहरण देऊन, पण मेहुण्यांनीच ते उचललं.

मामा : मग आझाद मैदान आठव. डिसेंबर 2018. महाराष्ट्र केसरी आपल्या जालन्यात. बुलढाण्याकडून उतरलेला बाला रफिक शेख, समोर आदल्या वर्षीचा केसरी, पुण्याचा अभिजित कटके. रफिकनं गदा उचलली. बुलढाणा काय मोठं केंद्र आहे का? पण जिल्ह्याच्या निवड चाचणीतून गडी थेट राज्याच्या आखाड्यात जातो. मधे कुणी पैसे मागत नाही.

भाची : बरोबर! हेच मी म्हणते आहे. तिथं चाचणी जिंकली की जागा मिळते. चाचणी जिंकल्यावर आयोजकांनी सांगितलं असतं की केसरीची कुस्ती आता फक्त बारा श्रीमंत तालमींतच होणार, तर तुमचा रफिक आला असता का? तुम्ही त्याला सांगितलं असतं का, की ये बाबा, तरीपण ये?

मामा : सांगितलं असतं.

भाची : मामा!

मामा : सांगितलं असतं गं. आणि तो आला असता. कारण त्याला दुसरं काही येत नाही. डेम्पोच्या मालकाला येतं. तोच फरक आहे.

हे वाक्य ते सहज बोलून गेले, पण मला वाटतं सगळ्या भांडणाची गाठ तिथंच आहे. बहिष्कार टाकायलाही ऐपत लागते. डेम्पोंकडे दुसरे उद्योग होते, दुसऱ्या लीगमध्ये पाय होता. त्यांना 'नको' म्हणता आलं. आयझॉलकडे म्हणायला फक्त 'आम्हाला घ्या' होतं. म्हणून गोव्याच्या क्लबांचं म्हणणं शंभर टक्के खरं असूनही मला त्यांच्यापेक्षा आयझॉलची जिद्द मोठी वाटते. मुलीला हे पटणार नाही. तिच्या मते ऐपत असलेल्यांनी तरी 'नको' म्हटलंच पाहिजे, नाहीतर म्हणणार कोण? यालाही माझ्याकडे उत्तर नाही.

भाची : मला एक सांगा, दुसऱ्या देशांत कसं चालतं? थायलंडला बघा. आपल्याच दर्जाचा देश होता ना एकेकाळी?

मामा : बुरीराम! अगं, ते तर जालन्यापेक्षा मागास. ईशान्येकडचा भातशेतीचा गरीब प्रांत. 2010 मध्ये तिथल्या एका पुढाऱ्यानं, नेविन चिडचॉबनं, अयुथयाचा वीज मंडळाचा क्लब उचलून बुरीरामला आणला. आज तो थायलंडचा सगळ्यात मोठा क्लब.

भाची : म्हणजे अयुथयाचा क्लब गेलाच की. हे तुमचं चांगलं उदाहरण?

मामा : पण तिथं दुसऱ्या श्रेणीतले पहिले दोन सरळ वर जातात. वरचे तळाचे खाली येतात. म्हणून मालक गाव शोधत येतो. वर जायची खात्री असली की पैसा जालन्यालाही येईल.

भाची : आणि जाईलही. पीटीटी रायोंग, तेल कंपनीचा क्लब. 2019 मध्ये थायलंडचा लीग कप जिंकला आणि त्याच वर्षअखेरीस विसर्जित. वाट उघडी होती, कप हातात होता, तरी बंद. कंपनी ती कंपनीच, बँकॉकची काय नि पुण्याची काय.

मेहुण्यांना हे रायोंगचं प्रकरण माहीत नव्हतं. त्यांनी मोबाइल काढून पाहिलं, मग मोबाइल पालथा ठेवला.

मामा : बरं, आपल्याकडे आता उघडली ना वाट? 2019 ला ठरलं, 2022-23 चा आय-लीग विजेता वर जाणार. गेला. पंजाब एफसी. आणि पंजाब म्हणजे कोण? तोच मिनर्व्हा! 2016 च्या दुसऱ्या श्रेणीत डेम्पोच्या मागं राहिलेला.

भाची : मिनर्व्हा कुठला? मालक बदलला, नाव बदललं, नवी कंपनी. पाटी तीच लटकवायचीही तसदी घेतली नाही. डेम्पो मात्र डेम्पोच राहिला.

मामा : आठ वर्षं बाहेर राहून! 2024 ला खालच्या आय-लीग-2 मध्ये दुसरा येऊन परत वर आलाच ना? मग मधली आठ वर्षं कुणाची गेली? मालकाची नाही गेली. 2016 ला पंधरा वर्षांचा जो पोरगा डेम्पोच्या ज्युनिअरमध्ये होता, तो तेवीसचा झाला. त्याच्या ऐन वयात त्याच्या क्लबला देशाची लीग नव्हती. तू ऑडिटर आहेस ना? हे कुठल्या रकान्यात टाकशील?

ती लगेच बोलली नाही. तिनं उत्तर दिलं ते दुसरीकडून.

भाची : परत आला तो कशात आला तेही बघा. 2024-25 ची आय-लीग. एप्रिलमध्ये चर्चिल ब्रदर्सचे 40 गुण, इंटर काशीचे 39. महासंघानं चर्चिलला विजेता केलं, करंडकही दिला. वाद होता 'नामधारी' नावाच्या संघानं अपात्र खेळाडू खेळवला का याचा. जुलैत स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादानं निकाल फिरवला, काशी विजेती. म्हणजे आपल्या दुसऱ्या श्रेणीचा विजेता पावसाळ्यात, लोझानच्या कचेरीत ठरला! मैदानात नाही. आणि त्याच जुलैत आयएसएलही अडकली, कारण तो 2010 चा करार संपत आला होता. जी माडी दाखवून सगळ्यांचे जिने काढले, तिच्याच भाड्याची मुदत संपली. आता सांगा, 2016 ला 'नको' म्हणणारे चुकले?

मामा : लवादाचा निकाल बरोबर होता की नव्हता?

भाची : कागद बघता बरोबर वाटतो.

मामा : मग कागद आधीच नीट ठेवले असते तर लोझानला जावं लागलं नसतं. दोष दुसऱ्या श्रेणीचा नाही, कारकुनीचा आहे.

भाची : हे तुम्ही म्हणताय? तुमच्या अंबडच्या पोरांचे जन्मदाखले तरी एका जागी आहेत का?

हा वार बरोबर बसला. मेहुणे निवृत्तीनंतरही संध्याकाळी पोरांना घेऊन मैदानावर असतात. शाळेच्या पोरांना सुब्रोतो कपच्या जिल्हा फेरीत न्यायचं तर वयाचे दाखले, आधार, शाळेचा शिक्का असं सगळं लागतं, आणि मागे एकदा एका चांगल्या गोलकीपरला दाखल्यावरच्या तारखेपायी घरी बसावं लागलं होतं. दाखल्यावर त्याचं वय दीड वर्षानं जास्त होतं. शाळेत नाव घालताना बापानं अंदाजे सांगितलेलं. पोरगा हातमोजे घालून गाडीत बसला होता, तो तसाच उतरला.

मामा : त्या पोराचं नको काढू.

भाची : काढत नाही. मी करते फाइल. प्रत्येकाची वेगळी, दाखला, फोटो, बापाची सही. आणि गाडीचा खर्चही देते या वर्षी. पण पावत्या पाहिजेत.

मामा : गाडीची देईल तो. नाश्त्याची हॉटेलवाला देईल. केळ्यांची कुठून आणू? केळीवाला पावती देतो का?

भाची : वहीत लिहा. तारीख, डझन, दर. सही तुमची.

मामा : मी सही करायची, केळी पोरांनी खायची, आणि मी हिशेब चुकवला असं तू म्हणायचं!

भाची : म्हणणारच. पप्पा, यांना दुकानातली एक जुनी वही द्या हो.